पोटाला चिमटा काढून पळू नका

वावरातून येऊन, चूल पेटवून तुम्ही रेडिओजवळ बसल्या असाल. काही जणी गटाच्या बैठकीत एकत्र ऐकत असाल. आज आपण वजन कमी करण्याबद्दल बोलू. आणि वजन कमी करताना भरपूर व्यायाम चालू असेल, तर जेवायचं किती, हे समजून घेऊ.

पहाटे पाच वाजता वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा, कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यानं जा. पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी चालू असते. त्यांच्या मागून काही वेळानं आयाही चालताना दिसतात. कोणाला गुडघे दुखतात म्हणून, कोणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून. दोघींनाही कोणीतरी एकच सल्ला दिलेला असतो : "व्यायाम वाढव, जेवण तोड."

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा धोक्याचा आहे. पहिल्या पंधरवड्यात वजन भराभर उतरतं, पोरगी खूश होते. मग काटा अडतो. मग ती आणखी कमी खाते, आणखी जास्त पळते. आणि मग पाय दुखायला लागतात, चक्कर येते, पळायची वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडते. पाळी चुकते. असं का होतं, ते आज पाहू.

गटाच्या वहीसारखा हिशेब

आपल्याला गटाचा जमाखर्च चांगला कळतो. शरीराचाही तसाच हिशेब असतो. तिथं रुपयाच्या जागी कॅलरी असते. जेवण म्हणजे जमा, काम आणि व्यायाम म्हणजे खर्च. जमेपेक्षा खर्च जास्त झाला की शरीर साठवलेली चरबी मोडतं आणि वजन उतरतं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

पण या हिशेबात एक खर्च आपण विसरतो. आपण दिवसभर खाटेवर पडून राहिलो, तरी हृदय चालतं, श्वास चालतो, मेंदू, यकृत, मूत्रपिंड काम करतात, अंग ऊबदार राहतं. साठ किलो वजनाच्या तरुण बाईला एवढ्यालाच रोज १३०० च्या आसपास कॅलरी लागतात. हे घरभाडं आणि वीजबिल समजा. ते भरावंच लागतं.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आपल्या देशातल्या लोकांना किती अन्न लागतं, याचा तक्ता काढते. २०२० च्या तक्त्यात ५५ किलो वजनाच्या बाईसाठी हे आकडे आहेत. बसून काम करणारीला दिवसाला १६६० कॅलरी, मध्यम कष्टाचं काम करणारीला २१३०, आणि जड कष्टाचं काम करणारीला २७२०. म्हणजे शहरात टेबलाजवळ बसणाऱ्या बाईपेक्षा निंदण-वेचणी करून, पाणी भरून, सरपण आणून थकणाऱ्या बाईला हजारभर कॅलरी जास्त लागू शकतात. म्हणूनच शहरातल्या बाईचा डाएट मोबाइलवर पाहून आपण जसाच्या तसा उचलायचा नाही.

आता जमेकडे पाहू. साठ ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकर म्हणजे साधारण २०० कॅलरी. चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४५. एक चमचा साखर म्हणजे २०. एक अंडं म्हणजे ७०. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे १६० ते १७०.

आणि पळण्याचा खर्च? साठ किलोची मुलगी एक किलोमीटर पळाली तर ६० कॅलरीच्या आसपास खर्च होतात. पाच किलोमीटरला ३००. म्हणजे दीड भाकर. "मी एवढी पळते, मग काहीही खाल्लं तरी चालेल," हेही चूक आहे, हे यावरून कळतं. भजे आणि दोन कप गोड चहा यात पाच किलोमीटरची मेहनत सहज भरून निघते.

एका पोरीचा दिवस

समजा, एक वीस वर्षांची मुलगी आहे. उंची १५५ सेंटीमीटर, वजन साठ किलो. भरतीसाठी ती सकाळी पाच किलोमीटर पळते, मग दोरीवरच्या उड्या आणि गोळाफेक. या व्यायामाला तिच्या ४५० कॅलरी जातात. घरकाम धरून दिवसाचा तिचा एकूण खर्च २३०० च्या आसपास होतो. वावरात गेली तर आणखी जास्त.

वजन लवकर उतरावं म्हणून तिनं जेवण तोडलं. दोन कप चहा, चार बिस्किटं, दुपारी दोन भाकरी आणि भाजी, रात्रीचं जेवण बंद. ही जमा झाली जेमतेम ८०० कॅलरी.

तिला वाटतं, रोज १५०० ची तूट आहे, म्हणजे चरबी भराभर जळेल. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतातही. पण त्यात बरंचसं पाणी असतं. आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात थोडी साखर साठवलेली असते आणि ती आपल्यासोबत पाणी धरून ठेवते. जेवण तोडलं की आधी ही साखर संपते आणि पाणी निघून जातं.

आता खरा हिशेब करू. ८०० कॅलरी आत आल्या. त्यातल्या ४५० व्यायामानं नेल्या. उरल्या ३५०. आणि घरभाडं-वीजबिल आहे १३०० चं. शरीर चरबी मोडून काही भर घालतं, स्नायूही मोडतं. ज्या मांड्यांच्या जोरावर पळायचं, त्याच मांड्या शरीर विकून खायला लागतं. आणि तरीही भागत नाही, तेव्हा ते दुसरा उपाय करतं. खर्च कमी करतं.

शरीर काटकसर कशी करतं

घरात पैसा आटला की आपण काय करतो? आधी सण-समारंभ बंद, मग कपडालत्ता बंद, घराची डागडुजी पुढच्या वर्षावर. शरीरही हेच करतं.

याचा एक जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं तो केला. उपासमारीनं खंगलेल्या माणसांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शिकायचं होतं. छत्तीस निरोगी तरुण आपणहून पुढे आले. सहा महिने त्यांना दिवसाला सरासरी दीड हजारांच्या थोडं वर कॅलरी दिल्या, आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालायला लावलं.

सहा महिन्यांत त्यांचं वजन जवळजवळ पावानं घटलं. पण सोबत आणखी बरंच झालं. त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजायची. नाडी मंदावली. शक्ती गेली, चिडचिड वाढली. दिवसरात्र डोक्यात जेवणाचाच विचार. नुसतं पडून राहण्याला लागणारा शरीराचा खर्च चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरला. वजन घटल्यावर तो थोडा उतरणारच होता, पण त्याहूनही जास्त उतरला. म्हणून काटा अडतो. पोरगी तेवढीच पळते, तेवढंच कमी खाते, पण शरीर आतले दिवे मालवून बसलेलं असतं.

मैत्रिणींनो, त्या धडधाकट पुरुषांना आपल्या या पोरीच्या जवळजवळ दुप्पट जेवण मिळत होतं. आणि ते पळत नव्हते, चालत होते.

पाळी चुकणं हा निरोप आहे

बाईच्या शरीरात काटकसरीची एक खास जागा आहे. पोटापुरतंही अन्न नसेल तर गर्भ वाढवणं परवडणार नाही, हे शरीराला कळतं. म्हणून ते पाळीचं काम लांबवतं किंवा बंद करतं.

अमेरिकेतल्या ॲन लाउक्स या शास्त्रज्ञ बाईंनी हे मोजून पाहिलं. त्यांचा हिशेब असा : दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींमधून व्यायामाच्या कॅलरी वजा करा. जे उरतं, त्याला चरबी सोडून बाकीच्या वजनानं भागा. हा आकडा ३० च्या खाली गेला, तर पाचच दिवसांत पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांची, म्हणजे हार्मोनची लय बिघडायला लागते.

आपल्या पोरीला हा हिशेब लावू. साठ किलोतली अठरा किलो चरबी धरली, तर बाकीचं वजन बेचाळीस किलो. व्यायाम वजा करून तिच्याजवळ उरल्या ३५० कॅलरी. भागाकार येतो आठ. कुठं तीस आणि कुठं आठ!

पाळी गेली तर काही पोरींना बरंच वाटतं, कटकट गेली म्हणतात. पण पाळीसोबत जे संप्रेरक कमी होतं, तेच हाडांना बळकट ठेवतं. हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक चीर जाते. पोरगी म्हणते, नडगी दुखते, तेल लावून पळते. आणि ऐन भरतीच्या महिन्यात पाय गळ्यात येतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं या सगळ्या दुखण्याला एकच नाव दिलं. त्याचा सोपा अर्थ, खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट.

म्हणून आयांनो, एक विनंती आहे. लेकीची पाळी लांबली की आपल्या मनात आधी भलतीच शंका येते. शंका असेल तर तपासणी जरूर करा, पण तिला रागावू नका. तिच्या ताटाकडे पाहा. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे न्याच, आणि ती किती पळते, किती खाते, हे तिथं सांगा.

मग मोठ्या खेळाडूंचं काय?

पोरी म्हणतात, "ताई, अविनाश साबळेनं तर तीन महिन्यांत पंधरा-वीस किलो उतरवले." खरं आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा पोरगा. सैन्यात असताना वजन वाढलं होतं, ते उतरवून तो अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. पण तो सैन्यातला जवान होता. पळणं हीच त्याची ड्युटी, वर लक्ष ठेवायला प्रशिक्षक. आपल्या पोरीला पळून आल्यावर पाणी भरायचं असतं, स्वयंपाक करायचा असतं, वावरात जायचं असतं. त्याची जिद्द घ्या. त्याचा वेग घेऊ नका.

दुसरी आठवण विनेश फोगाटची. ७ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक. पन्नास किलो गटाची अंतिम कुस्ती होती. रात्रभर ती पळाली, घाम काढला, केसही कापले. सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम वजन जास्त भरलं आणि ती बाद झाली. पाणी कमी झाल्यामुळे तिला सलाईन लावावं लागलं. त्या रात्री जे उतरत होतं, ते पाणी होतं. एका रात्रीत चरबी उतरत नाही, कोणाचीच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा उन्हात स्वेटर किंवा प्लास्टिक गुंडाळून घाम काढण्यासाठी पळणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

आणि एक लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या पोलीस शिपाई भरतीत मुलींच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि चार किलोचा गोळा. एकट्या ८०० मीटरला २० गुण आहेत. गुण पायांना आणि खांद्यांना मिळतात. वजनकाट्याला मिळत नाहीत.

मग तोडायचं किती, खायचं काय

वजन जास्त असेल तर उतरवावंच. नियम सोपा आहे. आपल्या खऱ्या खर्चापेक्षा रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी खा, त्याहून जास्त तोडू नका. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर उत्तम. आपल्या पोरीला पाच किलो उतरवायचे असतील तर दहा-बारा आठवडे लागतील. म्हणून भरतीची जाहिरात निघायची वाट पाहू नका, आधीच सुरुवात करा.

तिचा खर्च २३००. पाचशे तोडले तर जेवण १८०० कॅलरीचं हवं. ते आपल्या घरात असं बसतं :

पळायच्या आधी एक केळं. दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी. दोन वाट्या घट्ट वरण, म्हणजे साठ ग्रॅम तुरीची डाळ. दोन अंडी. पन्नास ग्रॅम फुटाणे. पाव लिटर दूध किंवा दही. पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. अंबाडी, पालक, मेथी, पावसाळ्यात तरोटा, अशी पालेभाजी भरपूर. तेल दिवसभरात चार लहान चमचे, साखर दोन चमचे.

हे सगळं मिळून १८०० च्या आसपास भरतं आणि त्यातून सत्तरहून जास्त ग्रॅम प्रथिनं मिळतात. मेहनत करताना वजन उतरवायचं तर प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात, म्हणजे स्नायू टिकतात आणि चरबी जाते. अंडी खात नसाल तर वरण, दही आणि सोयाबीन वाढवा. सोयाबीन आपल्या जिल्ह्यात पोत्यांनी पिकतं. मात्र कच्चं खाऊ नका, नीट शिजवून किंवा भाजून खा.

आता पुन्हा तो भागाकार करा. १८०० मधून व्यायामाचे ४५० गेले, उरले १३५०. भागिले बेचाळीस. उत्तर बत्तीस येतं. तीसच्या वर. वजनही उतरतं आणि पाळीही टिकते.

तोडायचं कुठं? चहातली साखर, पुडक्यातले कुरकुरे आणि बिस्किटं, तळण, भाजीवरची तेलाची तर्री, भाताचा दुसरा वाढा. काय तोडायचं नाही? वरण, अंडी, दूध, पालेभाजी आणि पळून आल्यानंतरची न्याहारी. पळून आल्यावर तासाभरात खा. रिकाम्या पोटी वावरात जाऊ नका. ज्या दिवशी वावराचं जड काम असेल, त्या दिवशी एक-दोन भाकरी जास्त खा आणि पळणं हलकं ठेवा. आठवड्यातून एक दिवस पळायला सुट्टी द्या. दुरुस्तीचं काम शरीर विश्रांतीतच करतं.

आधी मोजा, मग ठरवा

आयांनो, आता तुमच्यासाठी. वजन उतरवायची गरज आहे का, हे आधी पाहा. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीनं दोनदा भागा. उत्तर १८.५ ते २३ च्या मध्ये आलं तर वजन बरोबर आहे. १८.५ च्या खाली असेल तर तुम्हाला वजन वाढवायचं आहे, उपास-तापासही कमी करायचे आहेत. २३ च्या वर असेल, किंवा कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर असेल, तर हळूहळू उतरवा.

आपल्या राज्यात दोन्ही प्रकारच्या बाया आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाचातली एक बाई फार बारीक निघाली, आणि जवळजवळ चारातली एक जास्त वजनाची. निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी होतं. जाड दिसणाऱ्या बाईलाही रक्त कमी असू शकतं. म्हणून व्यायाम वाढवण्याआधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. दम लागतो तो वजनामुळे की रक्त कमी असल्यामुळे, हे कळलं पाहिजे.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई आणि अठरा वर्षांखालची मुलगी यांनी वजन उतरवायला जेवण तोडू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, साखर एकदम उतरू शकते.

या महिन्याचं गटाचं काम

बैठकीत एक वजनकाटा आणि एक शिंप्याचा टेप ठेवा. ज्यांना वजन उतरवायचं आहे, त्यांनी आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच वेळी वजन करावं. रोज काट्यावर चढू नका. वहीत चार रकाने करा : वजन, कमरेचा घेर, पाळीची तारीख आणि झोप. भरतीवाल्या पोरींनी पाचवा रकाना करावा, ८०० मीटरची वेळ. वजन उतरतंय आणि वेळ सुधारतेय, तर गाडी रुळावर आहे. वजन उतरतंय पण वेळ बिघडतेय, थंडी वाजते, केस गळतात, झोप येत नाही, चिडचिड होते, तर त्या दिवसापासून एक भाकर आणि एक वाटी वरण वाढवा, आणि आठवडाभर पळणं निम्मं करा.

शेवटी एक गोष्ट. आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, हे मी सांगायला नको. तवा उतरल्यावर उरेल ते आपण खातो, आणि लेकीही आपल्याला पाहूनच शिकतात. उद्या पहाटे लेक पळून येईल, तेव्हा तिला ताट वाढा. आणि त्याच वेळी, तिच्याच बाजूला, स्वतःचंही वाढून घ्या.